सत्तेचाळीस हर्ट्झ

कूलर बंद केला.
मे महिन्यात, नागपुरात, कूलर बंद करणं
म्हणजे भांडणाला पाट मांडून देणं.
पण माइकला सगळंच ऐकू येतं:
वाळ्यातून टपकणारं पाणी, पंख्याचं कुरकुरतं बेअरिंग,
अजनीच्या यार्डात डबे जोडतानाचा धक्का.
म्हणून रात्री दोनला बसलो, बनियनवर.
दुपारचे सत्तेचाळीस अंश
भिंती तेव्हाही हप्त्याहप्त्यानं परत करत होत्या.

माइक भाच्याचा, निखिलेशचा.
पेनाएवढा, टोकाला तीळभर कान.
तिपाई, तिच्यावर तुरीच्या डाळीचा डबा, डब्यावर तो,
माझ्या खुर्चीच्या जागी, माझ्या कानाच्या उंचीवर.

मग स्पीकरमधून तो चढता आवाज निघाला.
वीसला नुसत्या कपाटाच्या काचा,
मग पोटात काहीतरी, मग छातीत,
मग गळ्याशी, मग शिट्टी, मग सुई.
नऊ हजारांच्या पुढं मला काहीच नाही.
तीस वर्षं लोको शेडची, त्याची ही पावती.
"झालं," मी म्हणालो.
आतून शकुन म्हणाली,
"कुठं झालं? अजून वाजून राह्यलं ना."

पडद्यावर रेघ आली.
सरळ येईल असं वाटलं नव्हतंच,
पण सत्तेचाळीस हर्ट्झवर केवढा खड्डा,
महापालिकेनं खोदून विसरलेला!
खोली बारा फूट. खुर्ची बरोबर सहावर.
लाट या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते, फिरते,
आणि मधोमध स्वतःलाच खोडून टाकते.
त्या खोडलेल्या जागी मी अठरा वर्षं बसलो
आणि बोल लावला डग्ग्याला,
रेकॉर्डिंगला, अँपला, सीताबर्डीच्या त्या दुकानदाराला.
बेसचं बटण
दर उन्हाळ्यात थोडं थोडं उजवीकडं.

झोप येत नव्हती, म्हणून
माइक तिच्या जागेवर नेला.
स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, खाली,
जिथं बसून ती भाजी निवडते आणि म्हणते,
"कमी करा ना बापा, डोक्यात घुमते."
आणि मी म्हणतो,
म्हणत आलो,
"तुला कानच नाही."

रेघ पडद्याबाहेर गेली.
मोजपट्टी वाढवावी लागली.
तोच सत्तेचाळीस. चौदा डेसिबल वर.
मला पोचत नव्हतं म्हणून मी जे मागत राहिलो
ते सगळं तिच्या पाठीवर पडत होतं.

फाइलला नाव द्या, म्हणाला संगणक.
बराच वेळ बसलो.
"स्वयंपाकघर भिंत" असं लिहिलं.
दुसरं लिहायचा धीर झाला नाही.

पुढचे आठ दिवस सुधारणेचे.
मोमिनपुऱ्यातल्या हमीदभाईंकडून वीस किलो पिंजलेला कापूस,
गोणपाटात ठासून कोपऱ्यांत उभा केला.
त्यानं दोन डेसिबल खाल्ले, बाकी ताटात तसेच.
स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं.
बटण मध्यावर; फिरवताना
आत साचलेली धूळ खरखरली.
उरली माणसं.
माझी खुर्ची तीन फूट मागं यायला हवी,
तिचा पाट तीन फूट पुढं.
दोनदा मोजलं. दोघांचा हिशेब
एकाच फरशीवर येत होता.

सकाळी तिला दोन्ही रेघा दाखवल्या.
तिनं पाहिल्या, चष्मा न लावता.
"मंग आता तरी कूलर सुरू करा," एवढंच.

संध्याकाळी गवार घेऊन आली,
खुर्चीला खेटून बसली, विचारलं नाही.
कूलर घरघरत होता,
सगळ्या मोजमापावर अक्षरशः पाणी.
तरी त्याच्याखालून डग्गा आला,
गोल, बेताचा, आपल्या पायावर उभा.
तिनं मान डोलावली नाही, वर पाहिलंही नाही.
पण समेवर
शेंग मोडली.
मग पुढच्या समेवर
आणखी एक.

माइक तेव्हा डब्यात होता.